धातुसाधित आधी, धातू नंतर: ‘डार्कल’ या क्रियापदाची कुळकथा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीचा मराठी अनुवाद करताय आणि तिच्यात ‘द व्हॅली डार्कल्ड बिलो देम’ असं वाक्य आलंय. एका कोशात ‘डार्कल’चा अर्थ ‘अंधारणं’ असा आहे, तर दुसऱ्यात ‘अंधुक दिसणं, अंधारात असणं’ असा. शब्द ‘स्पार्कल’सारखा दिसतो म्हणून तुम्हाला तो चांगला जुना, अस्सल वाटला होता. पण कुणीतरी सांगितलं की ‘डार्कलिंग’ या शब्दाचं शेपूट चुकीच्या जागी तोडून तो बनलाय. म्हणून तुम्ही विचारताय की खरा अर्थ कोणता, आणि असा चुकीतून आलेला शब्द अनुवादात कितपत मनावर घ्यायचा.

सांगणाऱ्याने बरोबर सांगितलंय. आणि दोन्ही कोशही बरोबर आहेत. तुमची अडचण अर्थ निवडण्याची वाटते खरी, पण तुम्ही एकट्या क्रियापदाकडे बघताय म्हणून ती सुटत नाही. ‘डार्कलिंग’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. ‘डार्कल’ हे क्रियापद थेट १८०० च्या सुमाराला दिसायला लागतं. म्हणजे साडेतीनशे वर्षं धातुसाधितासारखा, क्रियापदापासून बनल्यासारखा दिसणारा शब्द होता आणि त्याचा धातूच, म्हणजे मूळ क्रियापदच नव्हतं. हे कसं झालं ते कळलं की दोन अर्थ कुठून आले तेही कळतं, आणि तुमच्या वाक्याचं काय करायचं ते बऱ्यापैकी ठरतं.

मग आधी ‘डार्कलिंग’. आज आपण तो शब्द पाहिला की ‘डार्कल’ अधिक ‘इंग’ असा तोडतो, कारण शाळेपासून ‘इंग’ दिसलं की क्रियापद शोधायची सवय लागलेली असते. मुळात तो ‘डार्क’ अधिक ‘लिंग’ असा आहे. या ‘लिंग’ प्रत्ययाचा ‘डकलिंग’ म्हणजे बदकाच्या पिल्लातल्या ‘लिंग’शी संबंध नाही. तो वेगळा, लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवणारा. इथला प्रत्यय क्रियाविशेषण बनवणारा आहे: अमुक दिशेने, अमुक अवस्थेत, अमुक रीतीने. जुन्या इंग्रजीत ‘मागच्या मागे’ या अर्थाचा ‘ऑन बॅकलिंग’ असा प्रयोग होता, त्यातला हा प्रत्यय. म्हणून ‘डार्कलिंग’चा पहिला अर्थ सरळ ‘अंधारात’. आपण नामाला ‘आत’ जोडून ‘अंधारात’ म्हणतो, जवळपास तितकंच काम त्या ‘लिंग’ने केलंय. क्रिया त्यात कुठेच नाही. काही अंधारत नाहीये, कुणी अंधार करत नाहीये. माणूस फक्त अंधारात आहे.

शेक्सपियरकडे हा शब्द याच अर्थाने येतो. ‘किंग लिअर’च्या पहिल्या अंकात विदूषक म्हणतो की मेणबत्ती विझली आणि आम्ही ‘डार्कलिंग’ राहिलो. म्हणजे अंधारात राहिलो. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये हेलेना डिमिट्रियसला विचारते, मला ‘डार्कलिंग’ सोडून जाशील? जंगलात, रात्री, अंधारात. इथे ‘अंधारत’ असा अर्थ लावून बघा, वाक्यच कोसळतं. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये (१६६७) तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला जागा राहणारा पक्षी ‘सिंग्ज डार्कलिंग’, दाट सावलीत लपून आपला रात्रीचा सूर लावतो. त्या ओळी लिहिणारा, खरं तर सांगून लिहून घेणारा कवी स्वतः आंधळा झालेला होता आणि तो सगळा भाग प्रकाशाला उद्देशून आहे. पक्षी अंधारात गातो तसा मी अंधारात रचतो, असं ते आहे. या शब्दाला पुढे काव्यात जी प्रतिष्ठा मिळाली तिचा मोठा वाटा या एका ओळीचा आहे, असं माझं मत.

आता गडबड कुठे झाली ते बघू. हा ‘लिंग’ प्रत्यय हळूहळू मरत गेला. नवे शब्द त्याने बनेनात, आणि जे उरले होते त्यांच्यातला ‘लिंग’ म्हणजे काय हे बोलणाऱ्यांना कळेना. अशा अनाथ प्रत्ययाचं लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक, त्याला ओळखीच्या दुसऱ्या शब्दाचं रूप देतात. ‘डोकं पुढे करून, बेधडक’ या अर्थाचा मूळ शब्द ‘हेडलिंग’ असा होता. त्यातल्या ‘लिंग’चा अर्थ लागेना म्हणून लोकांनी तो ‘लाँग’ केला, आणि आजचा ‘हेडलाँग’ तयार झाला. लांबीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा मार्ग म्हणजे ‘लिंग’मधला ‘ल’ मागच्या शब्दाला देऊन टाकायचा आणि उरलेल्याला नेहमीचं ‘इंग’ समजायचं. ‘डार्कलिंग’चं असं झालं.

स्कॉटलंडमध्ये मात्र असं व्हायला वाव नव्हता, कारण तिथे याच प्रत्ययाचं रूप ‘लिन्स’ असं राहिलं. रॉबर्ट बर्न्सच्या ‘हॅलोवीन’ या कवितेत एक मुलगी रात्री भट्टीच्या जागी जाते आणि ‘डार्कलिन्स’ तुळया चाचपडते. कविता १७८६ च्या संग्रहातली. शेवटी ‘स’ असल्यामुळे हे क्रियापदाचं रूप आहे असा भास कुणालाच होणार नाही. ‘डार्कलिंग’ मुळात क्रियाविशेषण होतं हे विद्यार्थ्यांना पटत नाही तेव्हा मी ही ओळ दाखवते. शेक्सपियरपेक्षा ती लवकर पटते.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग सॅम्युअल जॉन्सनचा. १७५५ साली त्यांचा प्रसिद्ध कोश आला. त्यात ‘डार्कलिंग’ची नोंद आहे आणि व्युत्पत्तीच्या जागी त्यांनी लिहिलंय की हे ‘डार्कल’चं धातुसाधित असावं असं दिसतं, पण तो शब्द मला कधी सापडलेला नाही. पुढे ‘निव्वळ काव्यातला शब्द’ असा शेराही आहे. म्हणजे इंग्रजीतला त्या काळचा सर्वात मोठा कोशकारही शब्द तिथेच तोडत होता जिथे तुम्ही आणि मी तोडतो. फरक एवढाच की क्रियापद हवं असं वाटूनही त्याने ते गृहीत धरलं नाही, सापडलं नाही म्हणून तसं छापून टाकलं. कोशकाम करणाऱ्यांनी ही नोंद भिंतीवर लावावी. गंमत म्हणजे त्याआधी, १७४९ मध्ये, जॉन्सननी स्वतःच्या ‘द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस’ या कवितेत माणूस नशिबाच्या प्रवाहात ‘डार्कलिंग’ वाहत जातो असं लिहिलं होतं. तिथे अर्थ चोख जुना आहे, ‘अंधारात, काही न दिसता’. कवी जॉन्सनला शब्द बरोबर वापरता येत होता, कोशकार जॉन्सनला त्याची फोड करता येत नव्हती. तुम्हाआम्हालाही ‘हळूहळू’ वापरायला ‘हळू’ची व्युत्पत्ती लागत नाही.

जॉन्सनना न सापडलेला शब्द पन्नासएक वर्षांत अवतरला. तो अमुक माणसाने घडवला असं मी सांगणार नाही. छापील पुराव्यात जो पहिला सापडतो तो शब्दाचा जनक असतोच असं नाही, आणि असा गैरसमज एकाच वेळी अनेकांच्या कानात होऊ शकतो. पण बायरनकडे तो घडताना बघता येतो. १८१६ ची त्याची ‘डार्कनेस’ नावाची कविता घ्या. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्याच्या राखेमुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. त्या काळवंडलेल्या वर्षातली ही कविता. सूर्य विझलाय आणि तारे अनंत अवकाशात ‘डार्कलिंग’ भटकतायत. जुन्या अर्थाने वाचलं तर ‘तारे अंधारात भटकतायत’. पण तारे हे स्वतः उजेड देणारे. त्यांच्याबद्दल ‘डार्कलिंग’ म्हटलं की ‘विझत विझत, काळे पडत भटकतायत’ हा अर्थ आपोआप शिरतो. ओळ दोन्ही बाजूंनी उभी राहते, आणि बायरनला दोन्ही हवे असणार.

मग १८२३ मध्ये त्याच्या ‘डॉन हुआन’चा सहावा सर्ग आला. सुलतानाची बेगम गुलबेयाझ मत्सराने पेटलीय. कडव्याच्या शेवटच्या जोडओळीत तिचे गाल लाल होतात, डोळे ‘स्पार्कल’ होतात आणि गर्विष्ठ कपाळावरच्या निळ्या शिरा फुगून ‘डार्कल’ होतात. इथे शंकेला जागाच नाही, ‘डार्कल’ पूर्ण क्रियापद आहे आणि अर्थ ‘गडद होणं’. तो कशाला आला हेही समोर दिसतं: ‘स्पार्कल’ला यमक हवं होतं. बायरन त्या काव्यात यमकासाठी काय वाटेल ते करतो आणि ते तो लपवतही नाही. पण नुसतं यमक नाही हे. डोळे उजळतात आणि शिरा काळवंडतात, ध्वनी तोच आणि क्रिया उलटी. मला विचाराल तर ‘डार्कल’चा यापेक्षा चांगला उपयोग नंतर फार कुणाला जमलेला नाही.

तुमच्या मनात असेल की हा अपघात एकदाच झाला आणि कवींनी लाडाने जपला. तसं नाही. अगदी याच प्रत्ययाच्या बाबतीत तो आधी दोनदा झाला होता, आणि ते दोन्ही शब्द तुम्ही बिनदिक्कत वापरता. ‘ग्रॉव्हल’, म्हणजे लोटांगण घालणं, नाक घासणं. ‘तोंड खाली करून, पालथं’ या अर्थाचं ‘ग्रॉव्हलिंग’ हे जुनं क्रियाविशेषण, ‘लिंग’ प्रत्ययाचंच. लोकांनी त्यातून ‘ग्रॉव्हल’ हे क्रियापद काढलं. शेक्सपियरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’च्या दुसऱ्या भागात, म्हणजे १५९० च्या दशकाच्या सुरुवातीला, ते दिसतं. तसंच ‘साइडल’, बिचकत, बाजूबाजूने सरकणं. ‘साइडलिंग’ म्हणजे ‘बाजूने’, त्यातून सतराव्या शतकाच्या शेवटाला ‘साइडल’ निघालं. ‘डार्कल’ हे त्या घरातलं तिसरं भावंड.

मग दोन भावंडं रोजच्या भाषेत रुळली आणि तिसरं कवितेतच का राहिलं? माझं उत्तर असं की पहिल्या दोघांची गरज होती. पालथं पडून गयावया करायला किंवा चोरट्यासारखं बाजूने सरकायला इंग्रजीत दुसरं एकशब्दी क्रियापद हाताशी नव्हतं. अंधारण्यासाठी मात्र ‘डार्कन’ होतं, ‘डार्कल’च्या पाचशे वर्षं आधीपासून. जागा भरलेली होती. ‘डार्कल’ला काम मिळालं ते फक्त जिथे नाद, यमक किंवा थोडा अनोळखीपणा हवा तिथे. म्हणून तो दुर्मीळ राहिला, आणि दुर्मीळ राहिला म्हणून काव्यमय वाटतो. अनुवादकाने हे ध्यानात ठेवायला हवं. लेखकाने ‘डार्कन्ड’ सहज लिहिता येत असताना ‘डार्कल्ड’ लिहिलंय, तर त्याला वाचकाने क्षणभर थबकायला हवंय.

‘चुकीतून आलेला शब्द’ म्हणून तुम्ही थोडे नाराज दिसता, त्यावर दोन शब्द. आपल्या संस्कृत वारशात असे शब्द आहेत आणि आपण ते देवघरात ठेवलेत. ‘असुर’ हा शब्द ऋग्वेदात वरुणासारख्या देवांसाठी मानाने येतो; पारशांच्या ‘अहुर’शी त्याचं नातं आहे. पुढे त्याचा अर्थ पालटला, पहिला ‘अ’ नकाराचा वाटू लागला, आणि तो काढून ‘सुर’ म्हणजे देव हा शब्द तयार झाला. ‘विधवा’चंही तसंच. लॅटिनमधला ‘विदुआ’ आणि इंग्रजीतला ‘विडो’ तिचे सख्खे नातेवाईक, त्यामुळे त्यातला ‘वि’ हा उपसर्ग नाही. पण तो उपसर्ग समजून ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द काढला गेला, आणि त्याच्यावरून ‘सधवा’. तुमच्या विषयाला सगळ्यात जवळचा म्हणजे ‘असित’. काळा या अर्थाचा तो जुना शब्द. त्यातला ‘अ’ नकाराचा मानून पांढरा या अर्थाचा ‘सित’ निघाला, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजांनी अंधारातून एक क्रियापद काढलं, आपण काळ्यातून पांढरा काढला. असे शब्द खोटे नसतात. लोकांनी वापरले, वाचणाऱ्यांना समजले, की ते शब्द झाले.

आता दोन अर्थांकडे. ‘अंधारात असणं, अंधुक दिसणं’ हा अर्थ ‘डार्कलिंग’च्या जुन्या, क्रियाविशेषणाच्या घरून आला. ज्यांनी ‘डार्कलिंग’ म्हणजे ‘अंधारात’ हे मनात धरून मागे जाऊन क्रियापद बनवलं, त्यांच्या हातून ‘अंधारात असणं’ हे क्रियापद झालं. ‘अंधारत जाणं’ हा अर्थ शब्दाच्या रूपातून आला. शेवटी ‘ल’कार असलेली ‘स्पार्कल’, ‘ट्विंकल’, ‘क्रॅकल’ ही मंडळी काहीतरी घडत राहिल्याचं, बारीक बारीक पुन्हा पुन्हा घडल्याचं सांगतात. ‘डेझ’चं ‘डॅझल’ झालं ते याच प्रत्ययाने. ‘डार्कल’चा मूळचा या कुळाशी संबंध नाही, पण त्यांच्या पंगतीत बसल्यावर त्यांचा गुण त्याला लागला. त्यामुळे आज इंग्रजी वाचणाऱ्याला ‘डार्कल’मध्ये नुसतं अंधारणं ऐकू येत नाही, तर एक हलता, ठिपक्याठिपक्यांनी येणारा अंधार जाणवतो. मराठीत हा परिणाम आपण शब्द दुणावून साधतो: लुकलुकणं, चमचमणं, टिमटिमणं. पण यातली बहुतेक क्रियापदं उजेडाची. अंधारासाठी असं दुणावलेलं रुळलेलं क्रियापद मला तरी आठवत नाही. कुणाला बोलीतलं ठाऊक असेल तर जरूर सांगा.

माझ्या कामाची रीत सांगते. ती सरसकट लागू पडत नाही, मजकुराचा काळ आणि कर्ता बघावा लागतो. मजकूर १८०० च्या आधीचा असेल तर ‘डार्कलिंग’ हे ‘अंधारात, काळोखात’ असंच घ्यायचं, क्रियापद शोधायचंच नाही. त्यानंतरचा असेल तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या आणि वाक्यातलं नाम बघायचं. आणि ‘डार्कल्ड’, ‘डार्कल्स’ असं स्पष्ट क्रियापद आलं असेल तर प्रश्न फक्त एवढाच की कर्ता बदलतोय की आहे तसा आहे. आकाश, पाणी, चेहरा बदलतात. तिथे अंधारणं, काळवंडणं, झाकोळणं. झाडीतली वास्तू, दूरचा डोंगर हे बहुधा आहेत तसे असतात. तिथे ‘अंधारात अंधुक दिसत होता’.

मधला काळ सगळ्यात अवघड. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना तीन ओळखीच्या कविता आठवतील. कीट्सची नाइटिंगेलवरची, मे १८१९ ची: ‘डार्कलिंग आय लिसन’. इथे जुना अर्थ पक्का, ‘काळोखात मी ऐकतोय’, कारण त्यामागे मिल्टनचा लपून गाणारा पक्षी उभा आहे. फक्त कीट्सने शब्द पक्ष्याकडून काढून ऐकणाऱ्याला दिला. मॅथ्यू आर्नल्डच्या १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोव्हर बीच’च्या शेवटी आपण ‘डार्कलिंग’ मैदानावर आहोत असं येतं. इथे तो विशेषण झालाय. मैदान अंधारलेलं आहे की अंधारत चाललंय? रात्री एकमेकांना न ओळखता भिडणाऱ्या सैन्यांची ती प्रतिमा थ्युसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने वर्णन केलेल्या, इसवी सनापूर्वी ४१३ मधल्या सिसिलीतल्या रात्रीच्या लढाईवरून आली असं मानतात. तो धागा धरला तर ‘अंधारलेलं’. पण त्याआधी सगळी कविता श्रद्धेची भरती ओसरत चालल्याबद्दल बोलते, त्या चालीवर ‘अंधारत चाललेलं’. मी ‘अंधारतं मैदान’ घेईन. आणि थॉमस हार्डीची थ्रश पक्ष्यावरची कविता, १९०० च्या डिसेंबरअखेर छापून आलेली. तिच्या नावातच ‘डार्कलिंग’ आहे. शतक संपतंय, दिवस संपतोय, म्हातारा पक्षी संध्याकाळी गातोय. ‘अंधारातला’ म्हटलं तर संध्याकाळ हरवते, ‘अंधारणारा’ म्हटलं तर पक्षीच काळा पडतोय असं वाटतं. अशा वेळी ‘सांजावल्या वेळचा’ असं वळण घेऊन मोकळं व्हावं. मुळातला एक शब्द म्हणजे मराठीतही एकच शब्द, हा हट्ट कवितेत फार महाग पडतो.

‘डार्कल’ मराठीत आणताना आपली एक सोय मात्र आहे, जी इंग्रजीला नाही. शाळेत भावकर्तृक क्रियापदं शिकलेली आठवतात? उजाडलं, सांजावलं, गडगडतंय. कर्ता शोधायला गेलो तर सापडत नाही, क्रियेचा भाव हाच कर्ता. जेम्स जॉइसच्या १९३९ च्या ‘फिनेगन्स वेक’मध्ये एक वाक्य ‘इट डार्कल्स’ असं सुरू होतं. इंग्रजीला तिथे एक पोकळ ‘इट’ उभं करावं लागलं. मराठीत ‘अंधारतंय’ म्हटलं की झालं, आणि एकाही वाचकाला ते अवघड वाटणार नाही. त्या पुस्तकातलं एवढं सोपं वाक्य दुसरं मिळणं कठीण, ही गोष्ट वेगळी.

या सोयीचा धोका असा की मराठीत ते फारच सहज होऊन बसतं. इंग्रजी वाचक ‘डार्कल्ड’वर थबकतो; मराठी वाचक ‘अंधारली’वरून सरळ पुढे जातो. तो थबकावा असं वाटत असेल तर शब्द अनोळखी करण्यापेक्षा वाक्याची चाल बदलावी. तुमच्या वाक्यासाठी माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. ‘खाली दरी अंधारत गेली’ हा सरळ आणि बिनधोक. ‘खाली दरी काळवंडली’ मी टाळेन, कारण काळवंडण्याला मराठीत उन्हाची, आजाराची, दुःखाची छटा आहे आणि ते चेहऱ्याला जास्त शोभतं. तिसरा, ‘खाली दरीत ठिकठिकाणी अंधार उतरत होता’. यात ‘ल’काराचा तो तुकड्यातुकड्यांचा गुण येतो. पण दरीत सूर्यास्त चालू असेल तरच हा चालेल. रात्र आधीच झाली असेल आणि पात्रं कड्यावरून खाली बघत असतील, तर दरी बदलत नाहीये, ती फक्त तिथे काळी आहे. मग ‘खाली काळोखात दरी नुसती जाणवत होती’. म्हणून आधीचं पान उघडून सूर्य कुठे आहे ते बघा. कोश हे सांगू शकणार नाही.

तुमच्याच कादंबरीत पुढे ‘डार्कलिंग’ नाम म्हणून, एखाद्या प्राण्याचं किंवा जमातीचं नाव म्हणून आलं तर गोंधळू नका. अद्भुत कथांमध्ये लेखक ते ‘डकलिंग’मधल्या लिंगावर बेतून वापरतात, ‘अंधाराची पिल्लं’ अशा अर्थी, आणि त्याचा या क्रियापदाशी संबंध नसतो. कीटकशास्त्रात ‘डार्कलिंग बीटल’ नावाचं एक मोठं कुळ आहे, त्याच्या बऱ्याच जाती अंधारात वावरतात. पीठ, रवा बरेच दिवस राहिला की त्यात जे बारीक तांबूस भुंगेरे दिसतात ते त्याच कुळातले. मिल्टनच्या पक्ष्याचा शब्द रव्याच्या डब्यापर्यंत येतो तो असा.

शेवटचा भाग तुम्ही जाता जाता विचारलाय, की स्वतःच्या इंग्रजी कवितेत ‘डार्कल’ वापरू का. वापरा, पण ‘डार्कलिंग’ या रूपात नको. त्या रूपावर कीट्स, आर्नल्ड आणि हार्डी यांचा इतका ताबा आहे की वाचक तुमची ओळ सोडून त्यांच्याकडे जाईल. ‘डार्कल्स’ किंवा ‘डार्कल्ड’ लिहा, एकदाच लिहा, आणि जवळपास ‘स्पार्कल’ येऊ देऊ नका, ती जोडी बायरनची झाली.